शक्य असेल तेथवर

सातबाऱ्याला नाव लावण्याची नोंद तलाठ्याने फेरफार वहीत, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या वहीत, धरली आणि तिला कोणी हरकत घेतली, की ती नोंद तक्रारी नोंदींच्या वहीत जाते आणि तिचा निकाल महसूल अधिकाऱ्याने द्यायचा असतो. हा निकाल किती दिवसांत द्यायचा हे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मधील चौथ्या पोटकलमात सांगितले आहे : शक्य असेल तेथवर एक वर्षाच्या आत. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी पंचवीस वर्षे दिवाणी आणि महसुली वकिली केली. त्या काळात ‘एक वर्षाच्या आत’ हे शब्द मी वाचून दाखवायचे आणि ‘शक्य असेल तेथवर’ हे शब्द समोरून मला वाचून दाखवले जायचे, असे किती वेळा झाले याची मोजदाद नाही. पुढे पाच वर्षे मी विधानसभेचा सदस्य होतो. ती पाच वर्षे सांगायची तर या तीन शब्दांपासूनच सुरुवात करावी लागेल, कारण निवडणूक लढवायची की नाही हा प्रश्न समोर आला तेव्हा माझ्या मनात दुसरे काही नव्हते.

माझे आजोबा कूळ होते, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन कसत. खोताला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, खंड म्हणजे जमिनीचे भाडे घालण्याच्या आठवणी ते सांगत, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन आमच्या घरात सणासारखा उच्चारला जाई, कारण त्या दिवशी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. प्रत्यक्षात जमिनीची किंमत ठरवण्याची कूळ कायद्याच्या कलम ३२-ग ची चौकशी, ती रक्कम भरणे आणि मग कलम ३२-म चे खरेदीचे प्रमाणपत्र हातात येणे यात आजोबांचे केस पांढरे झाले. ते प्रमाणपत्र आजही आमच्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत, मेणकापडात गुंडाळलेले आहे. कायदा विधिमंडळात होतो एका दिवशी आणि घरी पोहोचतो कितीतरी वर्षांनी, हे मी वकील होण्याआधीच पाहिले होते. १९८९ साली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद घेतली आणि ज्या वकिलांकडे उमेदवारी केली त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली, की अशिलाचे ऐकण्याआधी रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला न्यायालयात काय झाले त्याची नोंद, वाचायचा, कारण अशील जे सांगतो ते त्याला वाटलेले असते आणि रोजनाम्यात जे असते ते घडलेले असते. ही सवय मला पुढे विधानभवनातही उपयोगी पडली.

माझ्या अशिलांपैकी एका बाईंविषयी लिहिले पाहिजे. त्यांचे नाव देत नाही, मी त्यांना काकी म्हणतो. नवरा वारल्यावर वारसनोंदीला दिरांनी हरकत घेतली आणि नोंद तक्रारी वहीत गेली. काकींची एक कापडी पिशवी होती. तिच्यात सातबारा, आठ-अ, मृत्यूचा दाखला आणि वारस तपासाचा जबाब असे सगळे कागद होते आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्याला त्यांनी वेगवेगळ्या रंगाचा दोरा शिवून ठेवला होता, कारण त्यांना वाचता येत नसे. हिरवा दोरा म्हणजे सातबारा, लाल म्हणजे दाखला. मंडळ अधिकाऱ्यांपुढे तारीख असली, की त्या पहाटेच्या गाडीने येत आणि पायरीवर बसून राहत. कधी अधिकारी दौऱ्यावर असत, कधी निवडणुकीच्या कामाला, कधी बदली झालेली असे आणि नवे हजर झालेले नसत. एक वर्ष उलटल्यावर मी कलम १५० पुढे केले, तेव्हा मला तेच तीन शब्द ऐकवले गेले, आणि ते ऐकवणारा माणूस कायद्याने चूक नव्हता. त्या दिवशी पायऱ्या उतरताना काकींनी विचारले, “वकीलसाहेब, मी असताना नाव लागेल ना?” मी हो म्हणालो. अशिलाला असे उत्तर देऊ नये हे मला कळत होते.

राजकारणात मी अगदीच नवखा नव्हतो. बार असोसिएशनचे अध्यक्षपद, सहकारी पतपेढीच्या सल्लागाराचे काम, पक्षाच्या तालुका कार्यालयातील बैठका हे सारे चालू होते, परंतु उमेदवारीच्या यादीत माझे नाव कधी नव्हते. २०१४ साली ते आले ते अपघाताने. २५ सप्टेंबरला राज्यातली युती तुटली आणि त्याच दिवशी आघाडीही तुटली. अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत होती. प्रत्येक पक्षाला एकाएकी सगळ्या जागांवर उमेदवार हवे झाले आणि गुरुवारी रात्री मला फोन आला. पक्ष कोणता हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे आहे त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

शुक्रवार गेला तो निवडणूक खर्चासाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडण्यात आणि शपथपत्राचे कागद जमवण्यात. नमुना २६ चे शपथपत्र मी इतरांसाठी पूर्वी तपासून दिले होते, स्वतःसाठी भरताना मात्र माझा हात थबकला. माझी, पत्नीची आणि अवलंबून असलेल्यांची स्थावर-जंगम मालमत्ता, कर्जे, सरकारी देणी, प्रलंबित खटले, शिक्षण. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या सप्टेंबरात दिलेल्या निकालामुळे एकही रकाना कोरा ठेवून चालणार नव्हते. जिथे काही नसेल तिथे ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावेच लागते. पत्नीने विचारले, की तिच्या आईने दिलेल्या पाटल्याही लिहायच्या का. लिहायच्या, असे मी म्हणालो. तिने कपाटातून त्या काढल्या आणि सोनाराकडे वजन करून आणल्या. पंचवीस वर्षे लोकांची घरे मी कागदांतून पाहत आलो होतो. त्या रात्री आमचे घर प्रथमच कोणालाही वाचता येईल अशा कागदावर उतरले, आणि ते योग्यच आहे असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. शनिवारी दहा हजार रुपयांची अनामत भरली, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांपुढे संविधानाशी निष्ठेची शपथ घेतली आणि बाहेर आलो तेव्हा अडीच वाजले होते.

प्रचाराबद्दल फार सांगण्यासारखे नाही. अर्ज मागे घेण्याची मुदत १ ऑक्टोबरला संपली आणि १५ तारखेला मतदान झाले. खर्चाची मर्यादा अठ्ठावीस लाख होती, मी तिच्या बऱ्याच आत राहिलो. पंचरंगी लढतीत मते विभागली गेली आणि १९ ऑक्टोबरला थोड्या फरकाने मी निवडून आलो. मी फार लोकप्रिय होतो असा गैरसमज मी करून घेतला नाही.

नोव्हेंबरात मुंबईला तीन दिवसांचे विशेष अधिवेशन भरले. हंगामी अध्यक्ष जिवा पांडू गावित यांनी सदस्यांना शपथ दिली. त्या सभागृहात सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. कायद्याचे पदवीधर, १९६२ साली प्रथम निवडून आलेले आणि आता अकराव्यांदा आलेले, वय अठ्ठ्याऐंशी. मी जिथे बसत होतो तिथून ते दिसत. कामकाजपत्रिका आली, की ते ती पहिल्या ओळीपासून वाचू लागत, आणि ज्येष्ठ वकील कोर्टात बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, वाचतात तसेच ते वाचणे होते. मी त्यांच्याशी ओळख वाढवली असे नाही, परंतु त्यांच्याकडे पाहून मीही रोज सकाळी कामकाजपत्रिका पूर्ण वाचून सभागृहात जाण्याचा नेम केला आणि तो पाच वर्षे मोडला नाही.

वकिलाला सभागृहात सुरुवातीला जड जाते ते ऐकणाऱ्याच्या बाबतीत. न्यायालयात ज्याला पटवायचे तो समोर बसलेला असतो, त्याला ऐकावेच लागते आणि निकालाला कारणे द्यावीच लागतात. सभागृहात आपण बोलतो अध्यक्षांना उद्देशून, उत्तर देतात मंत्री, निर्णय होतो संख्येवर, आणि ती संख्या बहुधा आपण बोलायला उभे राहण्याआधीच ठरलेली असते. पहिल्या नागपूर अधिवेशनात मी एका विधेयकावर पूर्ण तयारीनिशी बोललो, दोन निवाडे सांगितले, ‘करील’ आणि ‘करता येईल’ यांतला फरक समजावून दिला. माझी दुरुस्ती आवाजी मतदानाने नामंजूर झाली आणि विधेयकाचे पुढचे खंड, म्हणजे कलमे, पुकारले गेले. मी खाली बसलो तेव्हा शेजारच्या सदस्याने हळूच सांगितले, की भाऊ, दुरुस्ती मंजूर व्हायला हवी असेल तर ती सभागृहात मांडायच्या आदल्या दिवशी पटवावी लागते. हे ऐकून मला वाईट वाटले, पण पुढच्या वर्षी एका शासकीय विधेयकात मुदतीसंबंधीची माझी दुरुस्ती स्वीकारली गेली ती अशाच आदल्या दिवशीच्या बोलण्यातून. तेव्हा त्या सल्ल्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही.

तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचे असते त्या प्रश्नाची, घडण मात्र मला पहिल्यापासून आपलीशी वाटली, कारण ती उलटतपासणीच्या जवळची आहे. प्रश्न लिहावा लागतो तो ठरलेल्या साच्यात : अमुक तालुक्यात अमुक घडले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. पहिल्या भागाचे उत्तर ‘हे खरे नाही’ असे आले, की पुढच्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच उत्तर येते आणि सारी मेहनत वाया जाते. म्हणून पहिला भाग असा लिहावा लागतो, की तो नाकारताच येऊ नये. तक्रारी नोंदींच्या विलंबाबद्दल मी प्रथम जो प्रश्न दिला त्यात ‘मोठ्या प्रमाणावर प्रलंबित’ असे शब्द होते, आणि उत्तर आले, ‘हे खरे नाही’. चूक माझी होती. मोठे प्रमाण म्हणजे किती हे मी सांगितले नव्हते. दुसऱ्या वेळी तालुक्यातून माहितीच्या अधिकारात नोंदींची यादी मिळवली, नोंद क्रमांक आणि हरकतीच्या तारखा प्रश्नात घातल्या, आणि उत्तर आले, ‘अंशतः खरे आहे’. त्या दोन शब्दांनी मला झालेला आनंद घरच्यांना समजेना. प्रश्नोत्तराच्या तासात हा प्रश्न तोंडी चर्चेला पोहोचलाच नाही, कारण त्या दिवशी गोंधळामुळे तास वाहून गेला. उत्तर छापील यादीत राहिले. तरी शासनाच्या कागदावर ते आले होते, आणि छापलेल्या कबुलीची किंमत वकिलाला सांगावी लागत नाही.

याच उत्तराच्या आधारावर मी अशासकीय विधेयकाची, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडायच्या विधेयकाची, सूचना दिली. विधेयक एका खंडाचे होते. कलम १५० च्या चौथ्या पोटकलमातून ‘शक्य असेल तेथवर’ हे शब्द वगळावेत आणि वर्षाच्या आत निकाल न दिल्यास अधिकाऱ्याने विलंबाची कारणे वरिष्ठांना लेखी कळवावीत, एवढेच त्यात होते. उद्देश व कारणे यांचे निवेदन मी स्वतः चार वेळा लिहिले. पहिल्या मसुद्यात काकी होत्या, पायरी होती, पहाटेची गाडी होती. विधिमंडळाच्या कार्यालयातील एका अनुभवी अधिकाऱ्यांनी तो वाचला आणि नम्रपणे म्हणाले, “साहेब, हे भाषणात सांगा. निवेदनात कायद्याची गरज लिहा.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. शेवटच्या मसुद्यात काकींचे काही उरले नाही, फक्त तारखांचा हिशेब उरला.

त्या दिवसांत विधानभवनाच्या ग्रंथालयात बसून मी जुनी कार्यवृत्ते वाचत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. ते बॅरिस्टर होते, विरोधी बाकावर होते आणि ते विधेयक अशासकीय होते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालत गेले, त्यांत कोकणातली कुळे मोठ्या संख्येने होती. ते विधेयक मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या सुमारास. माझ्या आजोबांच्या ट्रंकेतल्या कागदामागे हे सारे उभे आहे याची जाणीव मला वकिलीच्या पंचवीस वर्षांत इतक्या जवळून झाली नव्हती. माझ्या एका खंडाच्या विधेयकाची त्या कार्याशी तुलना करण्याचा विचारही मी करणार नाही. मला तिथे धीर मिळाला एवढेच सांगतो. नामंजूर झालेले विधेयकही कार्यवृत्तात राहते आणि पुढच्या माणसाला ते सापडते.

मतदारसंघात मात्र विधेयकाबद्दल पाच वर्षांत कोणीही विचारले नाही. लोक येत ते साकवासाठी (ओढ्यावरच्या लहान पुलासाठी), नळपाणी योजनेसाठी, मुलीच्या बदलीसाठी, रुग्णालयातल्या खाटेसाठी, आणि त्यांचे येणे चूक नव्हते, कारण ज्याच्या घरासमोरचा साकव वाहून गेला आहे त्याला कलम १५० ऐकवणे हा निर्दयपणा झाला असता. सकाळी सातपासून ओटीवर माणसे बसलेली असत. माझ्या वेळेचा फार थोडा भाग कायदा करण्यात गेला आणि याची खंत मला आहे. ज्या कामासाठी सभागृहाला विधानसभा म्हणतात, त्या कामासाठी सदस्याला वेळ आणि साहाय्य सगळ्यात कमी मिळते, आणि ते मागण्याचा रेटा त्याच्यावर कोणाचाच नसतो.

तक्रारी नोंदींचे जे काही काम झाले ते तालुक्याच्या आढावा बैठकीत झाले. महसूल खात्याच्या महाराजस्व अभियानातल्या फेरफार अदालती, म्हणजे अशा नोंदी निकाली काढण्याच्या बैठका, कागदावर होत्याच, त्या प्रत्येक मंडळात ठरल्या दिवशी भराव्यात आणि वर्षापेक्षा जुन्या नोंदींची यादी बैठकीत यावी, असा आग्रह मी धरला. याद्या आल्या, निकाल होऊ लागले, जुन्या वह्या हळूहळू मोकळ्या झाल्या. आणि इथेच माझी कोंडी झाली. आमदार झाल्यावर मी सगळी वकीलपत्रे माझ्या ज्युनिअरकडे दिली होती. आमदाराला वकिली करण्यास कायद्याने बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २५ सप्टेंबर २०१८ च्या निकालात तसे स्पष्ट केले, कारण बार कौन्सिलचा नियम पगारी नोकरांसाठी आहे आणि लोकप्रतिनिधी हा कोणाचा नोकर नव्हे. तरीही ज्या अधिकाऱ्याला मी सोमवारी बैठकीत जाब विचारणार, त्याच्यापुढे मंगळवारी वकील म्हणून उभे राहणे मला पटत नव्हते. काकींची नोंद त्या यादीत होती. मी माझ्या हाताने तिचा क्रमांक वाचला आणि पुढच्या क्रमांकाकडे गेलो. माझी जुनी अशील म्हणून तिच्याबद्दल एक शब्द बोललो असतो तर ती दुसऱ्या दिवशी निकाली निघाली असती, याबद्दल मला शंका नाही. दिरांच्या बाजूलाही एक वकील होता, आणि त्याला माझ्यासारखी बैठक घेता येत नव्हती.

काकी एकदा ओटीवर आल्या. बाकीची माणसे ‘आमदारसाहेब’ म्हणत असताना त्या ‘वकीलसाहेब’ म्हणाल्या. मी त्यांना चहा दिला आणि तुमच्या नोंदीविषयी मी कोणाला सांगू शकत नाही असे सांगितले. का, हे समजावण्याचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतले. पिशवी मांडीवर होती, दोरे पूर्वीचेच होते. उठताना त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणता तर असेल तसंच.” त्यांना ते पटले नव्हते हे मला दिसले, आणि त्या दिवशी मी पुढच्या माणसाचे म्हणणे नीट ऐकू शकलो नाही.

विधेयक पुरःस्थापित झाले, म्हणजे सभागृहाच्या अनुमतीने मांडले गेले. मी कारणे सांगितली आणि अनुमती मिळाली. त्यापुढे ते विचारात घेतले जावे यासाठी शुक्रवारच्या अशासकीय कामकाजात त्याचा क्रमांक यायला हवा होता. शुक्रवारी दुपारी सदस्यांना आपापल्या गावी जाण्याची घाई असते, त्यामुळे बाकांवर माणसे थोडी असतात आणि गणपूर्तीची घंटा वाजते. दर अधिवेशनात मी शुक्रवारची गाडी पकडली नाही. भाषण तयार होते, त्यात काकी होत्या, दोरे होते. एका अधिवेशनात आमचे विधेयक यादीत तिसरे होते आणि पहिल्या विधेयकावरच वेळ संपला. दुसऱ्या वेळी कामकाज आधीच तहकूब झाले. यात कोणाचा दोष दाखवता येईल असे मला वाटत नाही, कारण ज्यांची विधेयके माझ्या आधी होती त्यांचीही कारणे माझ्याइतकीच खरी होती. २०१९ च्या निवडणुकीनंतर ती विधानसभा संपली आणि सभागृहापुढे प्रलंबित असलेली विधेयके व्यपगत झाली, म्हणजे आपोआप संपली, त्यांत माझेही होते. ‘व्यपगत’ हा शब्द मी कितीतरी निवाड्यांत वाचला होता.

२४ ऑक्टोबरला मी पराभूत झालो. दिवाळी झाल्यावर काळा कोट धुऊन आणला, बँड इस्त्री केले आणि बार रूममध्ये जाऊन माझ्या जुन्या खुर्चीवर बसलो. तिथे कोणी फार चौकशी केली नाही, हा वकील मंडळींचा चांगुलपणा. ज्युनिअरने फायली परत आणून दिल्या. काकींच्या नोंदीचा निकाल त्यांच्या बाजूने लागला होता, अदालतीत, यादीतल्या आपल्या क्रमाने. त्यावर दिरांनी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील केले होते आणि पहिली तारीख जवळ आली होती.

मी नव्याने वकीलपत्र भरले. काकींचा अंगठा घेतला. तारखेला त्या पहाटेच्या गाडीने आल्या, आता नातू बरोबर होता. कागद मागितला, की तो वाचू लागे, आणि त्या त्याच्या हातावर हलकी चापट मारून दोऱ्यावरून बरोबर कागद काढून देत. पुकारा झाला. समोरच्या वकिलांनी म्हणणे दाखल करण्यास मुदत मागितली. मी हरकत घेतली, मूळ नोंदीला लागलेल्या वर्षांचा हिशेब दिला आणि अपिलात तरी लवकरची तारीख द्यावी अशी विनंती केली. साहेबांनी फाइल उलटून पाहिली आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. बाहेर आल्यावर काकींनी नातवाला ती तारीख पाठ करायला सांगितली, आणि पिशवीतून पिवळा दोरा काढून अपिलाच्या नोटिशीच्या कोपऱ्याला शिवायला त्या पायरीवर बसल्या.